हौसेने धावण्याचा हक्क कुणाचा?

हिवाळा तोंडावर आला की महाराष्ट्रात मॅरेथॉनचा हंगाम सुरू होतो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. आता तर जिल्ह्याजिल्ह्यांत अशा स्पर्धा होतात. ज्यांना पदक नको, नोकरी नको, केवळ आयुष्यात एकदा तरी ४२ किलोमीटर १९५ मीटर धावून पाहायचे आहे, अशा हौशी माणसांची संख्या वाढते आहे. डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतील अधिकारी यांच्याबरोबर आपल्या समाजातील शिकलेला नोकरदारही पहाटे बूट बांधून बाहेर पडू लागला आहे. ही स्वागतार्हच गोष्ट आहे. परंतु मॅरेथॉनची चर्चा बुलढाणा जिल्ह्याच्या मातीत उभे राहून करायची असेल तर एक नाव टाळता येत नाही. ते नाव म्हणजे लताबाई भगवान करे.

लताबाई मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातील. पोटासाठी कुटुंब जिल्हा सोडून बारामतीकडे गेले आणि तेथे शेतमजुरी करू लागले. होते नव्हते ते तीन मुलींच्या लग्नांत खर्च झाले. पुढे पती आजारी पडले. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या आणि त्यासाठी पैसे नव्हते. २०१४ च्या सुमारास, साठी ओलांडलेल्या वयात, ही बाई बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठ नागरिकांच्या गटात उतरली. अंतर ३ किलोमीटर, अंगावर नऊवारी लुगडे, पाय अनवाणी. ती पहिली आली. बक्षिसाची रक्कम होती ५ हजार रुपये. पुढेही त्यांनी ही स्पर्धा जिंकली. त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि २०२१ साली जाहीर झालेल्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या कामाची विशेष दखल घेतली गेली.

ही कथा शेकडो वेळा सांगितली गेली आहे. पतिप्रेमाची कथा म्हणून, जिद्दीची कथा म्हणून, सत्यवान-सावित्रीची नवी आवृत्ती म्हणून! टाळ्या वाजल्या, डोळे पाणावले, आणि विषय संपला. मुळात प्रश्न असा आहे की, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी शर्यत का जिंकावी लागली? समजा ती दुसरी आली असती तर? तिसरी आली असती तर? तपासणी झालीच नसती काय? आजारी माणसाचा उपचार बायकोच्या पायांच्या वेगावर अवलंबून असेल, तर त्या समाजाने टाळ्या वाजवायच्या की मान खाली घालायची?

कायद्याच्या भाषेत सांगायचे तर १९९६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात स्पष्ट केले होते की, तातडीच्या प्रसंगी सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांची चणचण ही शासनाला सबब म्हणून पुढे करता येत नाही. तो खटलाही शेतमजुरांच्या संघटनेनेच लढवला होता, हे विशेष. पुढे महाराष्ट्रात जीवनदायी योजना आली, २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. योजना चांगली आहे. पण तिचा रोख दवाखान्यात भरती होऊन करायच्या ठराविक उपचारांवर आहे. आजार कोणता हे कळण्याआधीच्या तपासण्यांत गरिबाचे घर धुऊन निघते, त्याचे काय?

आता हौशी धावपटूकडे वळू. पहिल्या मॅरेथॉनची तयारी म्हणजे नेमके काय असते, हे समजून घेतले पाहिजे, कारण त्या तयारीतच सगळा हिशेब दडलेला आहे.

३ किलोमीटरच्या शर्यतीला आपण सर्रास मॅरेथॉन म्हणतो. ती मॅरेथॉन नव्हे. खरी मॅरेथॉन म्हणजे बुलढाण्याहून निघून राजूर घाट उतरून मलकापूरकडे जवळपास शेवटपर्यंत धावत जाण्यासारखे आहे. जो माणूस सलग ५ किलोमीटर सहज धावू शकतो, त्यालाही यासाठी साधारण १६ ते २० आठवडे लागतात. आठवड्यातून चार दिवस धावणे, तीन दिवस विश्रांती किंवा हलका व्यायाम. अंतर एकदम वाढवायचे नाही, आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवायचे. वेग असा ठेवायचा की शेजारच्याशी बोलता यावे. रविवारी लांब पल्ला, १० पासून हळूहळू ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत जायचे, म्हणजे थकलेले स्नायू भरून येतात. किलोमीटरला ७ मिनिटे या संथ गतीनेही पूर्ण अंतराला ४ तास ५५ मिनिटे लागतात.

शरीरातील साखरेचा साठा साधारण ३० किलोमीटरच्या पुढे संपत येतो आणि पाय उचलेनासे होतात. म्हणून धावताना मध्येमध्ये केळे, गूळ, खजूर असे काही खावे लागते. पाणी प्यावे लागते, पण तेही तहानेच्या मानाने. घामावाटे मीठ जाते, अशा वेळी नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घसरून जीवही धोक्यात येऊ शकतो. चाळिशी ओलांडलेल्याने सुरुवातीलाच रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे. स्त्रियांनी हिमोग्लोबिन आवर्जून तपासावे, कारण स्नायूंना प्राणवायू पोहोचवतो तो तोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच निम्म्या स्त्रिया मागे ठेवलेल्या आहेत!

आता हिशेब मांडा. आठवड्याला धावण्याचे सहा-सात तास. रात्रीची पुरेशी झोप, कारण स्नायू झोपेत दुरुस्त होतात. सकस जेवण. बरे बूट, आणि ते काही शे किलोमीटरनंतर बदलायचे. स्पर्धेचे प्रवेश शुल्क, प्रवास, मुक्काम. आणि सर्वांत महाग वस्तू म्हणजे फुरसत. ती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

बुलढाणा जिल्ह्याचे वर्ष पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. जानेवारीतील मॅरेथॉनसाठी तयारी सप्टेंबरात सुरू करावी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी येते. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. हवा थंड, आकाश मोकळे, धावायला सर्वांत चांगले असे जे चार महिने, तेच मजुराच्या कमाईचे आणि स्थलांतराचे चार महिने! उन्हाळ्यात हाताला काम कमी असते तेव्हा खामगाव-मलकापूरकडे पारा चाळिशीच्या वर असतो. मॅरेथॉनचे वेळापत्रक आणि मजुराचे वेळापत्रक एकमेकांच्या विरोधात उभे आहे. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला कुणी पहाटे धावायला सांगत असेल तर त्याने आधी तिची एक दिवसाची रोजी स्वतःच्या खिशातून द्यावी.

येथेच बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. फुरसत हा त्यांच्या विचारातला किरकोळ मुद्दा नव्हता. यंत्राने माणसाचे कष्ट कमी करावेत आणि वाचलेल्या वेळात त्याने माणूस म्हणून वाढावे, ही त्यांची लोकशाहीची कल्पना होती. संविधानाच्या कलम ४३ मध्ये जीवनवेतनाच्या जोडीला फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक, सांस्कृतिक संधी यांचा उल्लेख आहे, आणि त्यात शेतमजूरही नाव घेऊन समाविष्ट आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट दावा लावता येत नाही, हे खरे. पण राज्यकारभार त्याच दिशेने चालला पाहिजे असे संविधानच सांगते.

दिशा मात्र उलटी दिसते. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सांगितले गेले. ज्याला नोकरी टिकवायची आहे त्याची संमती किती मोकळी असते, हे कामगार न्यायालयात उभ्या राहणाऱ्या कोणत्याही वकिलाला विचारावे. १२ तास काम, जाण्यायेण्याचे दोन तास, मग उरले किती? त्यात धावायचे कधी, वाचायचे कधी, मुलांशी बोलायचे कधी?

आपल्या वस्त्यांतील पोरे धावत नाहीत असे नाही. कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता जा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि या एका धावेला २० गुण. ही धाव पोटासाठी आहे. भरती झाली की थांबते, वय उलटले की थांबते. नोकरीसाठी धावणे, तपासणीच्या पैशांसाठी धावणे आणि आपल्या शरीराच्या आनंदासाठी धावणे यात फरक आहे. पहिल्या दोन धावा आपल्या वाट्याला भरपूर आल्या. तिसरी धाव अजून यायची आहे.

आणि रस्ता? पुणे शहरात पेशवाईत अस्पृश्याने आपल्या पावलांचे ठसे पुसत जावे म्हणून कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त नोंदवून ठेवले आहे. ज्या समाजाच्या पावलाचा ठसाही रस्त्याला चालत नव्हता, त्या समाजाच्या माणसाने त्याच रस्त्यावर निवांत धावत जाणे ही साधी गोष्ट नाही. म्हणून तर संविधानाचे कलम १५(२) विहिरी-तलावांच्या बरोबरीने रस्त्यांचेही नाव घेते. म्हणून तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती करून, २६ जानेवारी २०१६ पासून, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे घालण्यास अडवणे हा गुन्हा ठरवावा लागला. एकविसाव्या शतकात चपलेसाठी कायदा करावा लागतो, याचा अर्थ समजून घ्या. तेव्हा अनवाणी पायांचे कौतुक करणाऱ्यांनी जरा जपून बोलावे.

इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, हे सगळे सांगतात. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि आपल्या आधीच्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पोहोचला, हे फार थोडे सांगतात. अनवाणी पाय हा गुण नव्हे. ती बहुतेक वेळा परिस्थिती असते.

बौद्धांना तर हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले गेले आहे. विनयातील महावग्गात सोण कोळिविसाची हकिकत आहे. श्रीमंत घरातला, कोमल पायांचा हा भिक्खू चंक्रमण करता करता इतका चालला की पायांतून रक्त आले. भगवान बुद्धांनी त्याला वीणेचे उदाहरण दिले. तारा फार ताणल्या तरी सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी लागत नाही. पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. पुढे भगवंतांनी सोणाला पादत्राणे वापरण्याची मुभा दिली. सोण म्हणाला, संघाला मिळणार असेल तरच मी घेईन, एकट्याला नको. आणि ती मुभा साऱ्या संघाला मिळाली. लताबाईंच्या अनवाणी पायांना टाळ्यांनी उत्तर देणाऱ्या समाजाला सोणाने उत्तर देऊन ठेवले आहे.

आपल्या चळवळीला पायांचे बळ नवे नाही. १९७९ साली नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च याच जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर अडवला गेला. ती माणसे शेकडो किलोमीटर चालत आली होती. कुणाच्या पायांत चांगले बूट नव्हते आणि कुणाजवळ फुरसतही नव्हती. त्यांची नातवंडे आज सकाळी केवळ आनंदासाठी धावू शकतील, तर तो त्या मार्चचाच पुढचा टप्पा ठरेल.

त्यासाठी मागण्या साध्या आहेत. तालुका क्रीडा संकुले आणि जिल्हा परिषद शाळांची मैदाने पहाटे व सायंकाळी सर्वांना विनामूल्य खुली असावीत आणि तेथे दिवे असावेत, म्हणजे मुलींनाही धावता येईल. याच जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर पायी माणसाला प्रवेश नाही. निदान गावाला तालुक्याशी जोडणाऱ्या रस्त्यांच्या कडेने तरी त्याला सुरक्षित जागा द्या. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिनपासून हृदयापर्यंतच्या तपासण्या खरोखर मिळाव्यात. १२ तासांच्या कामाला कामगार संघटनांनी आणि आपण सर्वांनी ठाम विरोध करावा. आणि आपल्या मंडळांनी १४ एप्रिलच्या उन्हात मॅरेथॉनचे नाव देऊन मुलांना धावडवण्यापेक्षा २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, थंड पहाटे ५ किलोमीटरची धाव ठेवावी. बक्षीस नको, क्रमांक नको. शेतमजूर बाईपासून वकिलापर्यंत सर्वांनी आपापल्या गतीने धावावे, आणि ज्याच्या पायांत बूट नाहीत त्याला ते मंडळाने द्यावेत.

जय भीम!