बर्फावरची फटफटी

फटफटी म्हटली की रस्ता आलाच. पण कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जन्मलेल्या एका फटफटीला रस्ता नसला तरच बरे! पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि वर स्वार.

तिचा जनक जोझेफ-आर्मां बोंबार्डिए, वालकूर गावचा. १९२२ साली, पंधराव्या वर्षी, त्याने जुन्या फोर्डचे इंजिन घसरगाडीवर चढवून मागे पंखा बसवला. वडिलांनी ती मोडायला लावली. (वडील सगळीकडचे सारखेच!) पुढे त्याने गावात गॅरेज काढले. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचे पोटातले दुखणे विकोपाला गेले. बर्फाने रस्ते बुजलेले. इस्पितळ गाठता आले नाही. मूल गेले. तीन वर्षांत बोंबार्डिएची सात उतारूंची बर्फगाडी आली आणि १९५९ साली ही सुटसुटीत स्की-डू.

तिच्याच घराण्यातली चिमुकली एलान १९७१ पासून १९९६ पर्यंत निघत होती. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, प्लग पुसायचा, दोरी ओढायची. आपल्या जुन्या स्कूटरवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. आज संगणकाच्या तालावर धावणाऱ्या दणकट बर्फगाड्या मिळतात. तरी शौकीन ही जुनी खेळणी जपतात, कार्बुरेटर उघडून बसतात. तुम्ही म्हणाल, हौस! हौस तर खरीच. पण हिचे दुखणे डोळ्यांना दिसते, पान्याने बरे होते. आणि चौफेर बर्फात, घर कोसभर दूर असताना इंजिन बंद पडले, की खिशातला जादा प्लग फार मोठा आधार वाटतो.