बाळाचे कान आणि घरची बोली

परिचयातील एक आजी परवा खिन्न होऊन घरी आल्या. मुलगा-सून न्यू जर्सीत, नात सात महिन्यांची. ‘‘आई, तिच्याशी इंग्रजीतच बोलत जा, नाहीतर तिचा गोंधळ होईल,’’ असे मुलाने फोनवर सुचविले. आजी मला म्हणाल्या, ‘‘तसेही तिला काय समजते? मग मी मराठीचा हट्ट कशाला धरू?’’

शब्दांचा अर्थ तिला समजत नसेल. परंतु ध्वनींची पारख करण्याचे तिचे वय नेमके हेच आहे.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातील संशोधकांनी 1984 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी प्रयोगासाठी निवडलेल्या ध्वनींत आपल्या ओळखीची एक जोडी होती : हिंदीतील ‘ता’ आणि ‘टा’. इंग्रजी घरातील तान्ह्या मुलांना एकच ध्वनी पुनःपुन्हा ऐकवायचा आणि मध्येच तो बदलायचा. बदल ओळखून बाळाने मान वळविली की पेटीत दिवा लागे व खेळण्यातला प्राणी हालू लागे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी हा भेद ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत मात्र तो ओळखणारी थोडीच निघाली. त्याच वयाच्या हिंदी घरांतील बाळांना तो सहज कळत होता.

याचे कारण सोपे आहे. इंग्रजीतील ‘टी’चा उच्चार आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मधोमध कोठेतरी होतो. ज्या घरात दोन्हींना एकच कप्पा आहे, तेथील बाळही वर्षाच्या आत एकच कप्पा ठेवते. कान बिघडत नाहीत. जो भेद घरात कामाचा नाही, त्याकडे लक्ष देणे ते सोडून देते. पुढे तो शिकता येतो, परंतु कष्टाने. मराठी, गुजराती, मारवाडी आणि कन्नड या चारही भाषांत ‘ळ’ आहे, इंग्रजीत नाही. परदेशी वाढलेला नातू ‘केळे’ला ‘केले’ म्हणतो आणि आपण हसतो, त्याचे मूळ बहुधा येथेच असते.

गोंधळाचे भय मात्र अनाठायी आहे. दोन भाषा रोज कानी पडणारी मुले दोहोंचे ध्वनी आत्मसात करतात.

आता प्रश्न पडद्याचा. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांजवळ बसून चिनी भाषकांनी पुस्तके वाचली, खेळणी दाखविली. अवघ्या बारा बैठका झाल्या आणि बाळांना चिनी ध्वनींतील भेद कळू लागला. तेच बोलणे चित्रफितीवरून ऐकवलेली बाळे काहीच शिकली नाहीत. (आजींचा फोन म्हणजे चित्रफीत नव्हे, नात हसली की आजी उत्तर देतात. तरीही मांडीवरचे बोलणे ते मांडीवरचेच.)

हे सारे मी आजींना सांगितले. दिवाळीनंतरचे तिकीट त्यांनी अलीकडे आणले आहे. दुकानाचे कसे, असे विचारले तर म्हणाल्या, ‘‘हे आहेत ना!’’