डिक्की उघडते आहे, तोवरच शिकून घ्या

डिक्की उघडेनाशी झाली तरी गाडी चालत राहते. म्हणूनच हे दुखणं आपण अंगावर काढतो. धानाचा कट्टा मागच्या सीटवर टाकतो, पिशव्या पायाशी ठेवतो आणि म्हणतो, पोळा होऊ द्या, मग बघू. पण स्टेपनी, जॅक, टॉमी हे सगळं बहुतेक गाड्यांत त्याच बंद डिक्कीत असतं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोरेगावहून कोहमाऱ्याकडे जाताना मुरदोलीचं जंगल लागतं. तिथे रात्री टायर बसला, तर स्टेपनी जवळ असूनही हाती लागत नाही. तेव्हा हे काम पुढे ढकलू नका.

आधी जोर नको, कान लावा. एकाने बटण दाबावं, दुसऱ्याने मागे उभं राहावं. आतून ‘कट्’ असा आवाज आला, तर करंट पोहोचतो आहे, कुलूप अडकलं आहे. डिक्कीच्या कुलपात एक आकडा असतो, तो लोखंडी कडीला धरून बसतो. सामान ठासून भरलं असेल, किंवा उन्हात दाराचं रबरी बीडिंग चिकटलं असेल, तर कडीवर ताण येतो आणि आतल्या छोट्या मोटरला आकडा सोडवता येत नाही. अशा वेळी आपण दार वर ओढतो, त्याने ताण आणखी वाढतो. उलट करा. तळहाताने दार खाली दाबून धरा, दुसऱ्याला बटण दाबायला सांगा, मग सोडा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. सीटशेजारी खटका असलेल्या जुन्या गाड्यांनाही हीच युक्ती चालते. मात्र खटका हाताला ढिला लागत असेल, तर केबल तुटली किंवा निसटली समजा.

आवाजच नाही आला, तर गोष्ट विजेची आहे. रिमोटने चारही दारं नीट उघडतात का ते पाहा. तीही उघडत नसतील तर रिमोटचा सेल, गाडीची बॅटरी किंवा सेंट्रल लॉकचा फ्यूज तपासा. फ्यूज त्याच अँपिअरचा टाका. तांब्याची तार गुंडाळून काम भागवण्याची आपल्याकडची सवय गाडीत फार महागात पडते, वायरिंग जळतं.

चारही दारं चालतात आणि डिक्कीच रुसली आहे, तर मुख्य संशयित दोन. पहिला म्हणजे नंबर प्लेटच्या वरचं रबराखालचं बटण. आपल्या जिल्ह्यात वर्षाला 1200-1300 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि रोवणीच्या दिवसांत बांध्यांजवळून गेलेल्या गाडीचा मागचा भाग चिखलाने माखून निघतो. ते रबर फाटलं की पाणी थेट बटणात जातं. वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा, प्रेशरचा पाइप तिथे जवळून मारू नको.

दुसरा संशयित लपलेला असतो आणि जुन्या गाडीत बऱ्याचदा तोच निघतो. हॅचबॅकचं मागचं दार वर उचललं की छताच्या कडेला बोटाएवढी जाड, घड्यांची रबरी नळी दिसते. दाराच्या वायरी तिच्यातून जातात. दार उघडताना-लावताना दर वेळी त्या वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतलं तांबं तुटतं. वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं, म्हणून पटकन कळत नाही. खूण सोपी आहे: नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर किंवा काचेवरचा ब्रेकलाइट मधूनमधून दगा देऊ लागला, तर नळी ओढून आत पाहायला सांगा. दुरुस्तीत वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू देऊ नका, तो जोड पुन्हा तुटतो. थोडी लांब, मऊ वायर जोडून डाग द्यायचा आणि वरून स्लीव्ह चढवायची, असं ठणकावून सांगा.

पूर्वी डिक्कीला किल्लीचं भोक असायचं. आता अनेक गाड्यांत ते काढून टाकलं आहे. दिसायला छान, पण वीज गेली की मालक बाहेर आणि सामान आत, हे मला कधीच पटलं नाही. तरी बऱ्याच गाड्यांना आतून वाट असते. मागची सीट पाडा, टॉर्च घेऊन आत सरका. दाराच्या आतल्या प्लास्टिकला कुलपासमोर छोटं झाकण असतं. ते काढलं की पेचकसने सरकवता येणारा खटका सापडतो. तो कुठल्या बाजूला सरकतो, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडलेली पडून असते.

लहान अंगाचा म्हणून पोराला आत पाठवून दारं लावून घेऊ नका. मे महिन्यात इकडे पारा 44-45वर जातो. सब्बल घालून दार उचकटू नका; वाकलेला पत्रा कुलपापेक्षा महाग पडतो. कुलपात खायचं तेल सोडू नका, त्यावर धूळ आणि राइस मिलचा कोंडा बसून चिकट थर होतो. डिक्कीत सीएनजीची टाकी असेल आणि गॅसचा वास येत असेल, तर बटणसुद्धा दाबू नका. लांब व्हा आणि माहीतगार माणसाला बोलवा.

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या. नसेल तर डेंटिंगवाल्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. आणि हे वाचून झाल्यावर, डिक्की धड उघडते आहे तेव्हाच, एकदा सीट पाडून आतला खटका शोधा आणि तो सरकवून पाहा. घरात जो जो गाडी चालवतो, मुलगी असो, सून असो की ड्रायव्हर, त्यालाही तो दाखवून ठेवा.