पुरानंतर सुरत सावरली, तापीचे काय?

पावसाळा आला की आपल्या घरोघरी उकाईच्या पातळीची चर्चा सुरू होते. ऑगस्ट २००६ कोणीही विसरलेले नाही. धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. पाणी ओसरल्यावर आम्ही बँकेतली माणसे कर्जाची भिजलेली कागदपत्रे उन्हात वाळवत बसलो होतो. पुढे बाजार उघडला, हप्ते नव्याने बांधून दिले गेले. सुरत सावरली याचे सर्वांनी कौतुक केले. नदी कशी सावरते, हे मात्र आम्ही कधी पाहिले नाही.

नदीला पूर नवा नाही. मुलताईला उगम पावून भुसावळ, प्रकाशा मागे टाकत ७२४ किलोमीटर वाहणारी तापी पुरात काठ खरवडते, झाडे उपटते, पण गाळही देते. त्या उघड्या गाळावर आधी लव्हाळा आणि गवत उगवते. त्यांच्या मुळांनी माती धरली की झुडपे येतात, मग बाभळीसारखी झाडे. मुखाजवळच्या चिखलात तिवरांची रोपे रुजतात. मातीतले बी, जिवंत मुळे आणि वरून येणारा गाळ हे नदीचे मुद्दल. पूर फार तर व्याज नेतो. मुद्दल शाबूत असेल तर खाते पुन्हा भरते.

आज काळजी मुद्दलाचीच आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाने शेतीला पाणी दिले, अनेक पूर थोपवले. पण गाळाचा मोठा हिस्सा आता धरणातच राहतो. सिंगणपोर बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यात जलपर्णी माजते आणि महापालिकेला यंत्रे लावून ती काढावी लागते. रुंढ-भाठा येथे बराजचे काम हाती घेतले आहे, नदीकाठ सुशोभित करण्याची योजनाही आहे. इकडे लिंबायत, पर्वत पाटिया भागात खाडीपुराचे पाणी घरात शिरते. तिथे आपली कितीतरी खान्देशी कुटुंबे राहतात.

आमचा बराजला विरोध नाही. वाढत्या शहराला गोडे पाणी हवेच. पण सगळा काठ काँक्रीटने बांधला, तर गवताने रुजायचे कुठे आणि पाण्याने पसरायचे कुठे? १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर नेदरलँड्सने काही ठिकाणी बांध मागे सरकवून नदीला जागा परत दिली. समुद्राशी शतकानुशतके झुंजणाऱ्या देशालाही हे पटले.

म्हणून सभासदांना एक विनंती. आपल्या नगरसेवकांना भेटाल तेव्हा गटार-रस्त्यांबरोबर एवढे जरूर विचारा: आराखड्यात खाडीची रुंदी किती धरली आहे, आणि तापीचा किती काठ मातीचा राहणार आहे? काम पूर्ण झाल्यावर हे विचारून उपयोग नाही.