लढाईने चुली वेगळ्या केल्या

लढाई म्हटली की राजे, घोडे आणि तलवारी डोळ्यांपुढे येतात. पण लढाई अडीचशे वर्षे थांबलीच नाही, तर शेतकऱ्याच्या घरात काय होते? चीन देशात हे घडून गेले आहे. इ.स.पूर्व 475 च्या सुमारापासून इ.स.पूर्व 221 पर्यंत तिथे सात मोठी राज्ये एकमेकांच्या उरावर बसलेली होती.

आधी लढाई रथातल्या सरदारांची होती. पुढे पायदळ वाढले. पायदळ म्हणजे कोण, तर नांगर सोडून आलेला कुणबी! ज्याच्याकडे माणूस आणि धान्य जास्त, तो राजा वरचढ. पश्चिमेकडच्या छिन राज्याने हे नेमके ओळखले. इ.स.पूर्व 356 च्या सुमारास शांग यांग नावाच्या मंत्र्याने तिथे नवे कायदे केले. त्यातला एक ऐकून आमच्या मायबहिणींना नवल वाटेल. एका घरात दोन किंवा जास्त कर्ते पुरुष असून वाटणी केली नाही, तर कर दुप्पट! आपल्याकडे भाऊ भांडून वेगळे होतात. तिथे न भांडणाऱ्यांनाही सरकारच वेगळे करी. कारण उघड आहे. जितक्या चुली, तितकी करदाती घरे आणि तितके शिपाई मोजायला सोपे. पुढे तर बापलेकांनी आणि भावाभावांनी एका घरात राहण्यावरच बंदी आली.

पाच-पाच आणि दहा-दहा घरांचे गट बांधले गेले. एकाचा गुन्हा दुसऱ्याने लपवला, तर दोघांनाही शिक्षा. शेजारधर्म म्हणून काही उरले असेल, असे वाटत नाही. धान्य आणि कापड भरपूर काढणाऱ्याला वेठीतून सूट होती. रणात शत्रूचे मुंडके आणले, तर मानाची एक पायरी आणि सोबत जमीन. काही पराक्रम केला नाही, तर राजाच्या नातलगालाही मान नाही. गरिबाच्या पोराला वर चढायला वाट मिळाली खरी, पण ती दुसऱ्या कुणा गरिबाच्या पोराला मारूनच.

इ.स.पूर्व 260 मध्ये चांगपिंग इथे झाओ राज्याशी झुंज अडली, तेव्हा छिनच्या राजाने स्वतः जवळच्या मुलखात जाऊन 15 वर्षांवरचे सगळे पुरुष रणावर धाडले. झाओचे 4 लाख मेले, असे जुना इतिहास सांगतो. आकडा फुगवलेला असावा. पण 1995 मध्ये तिथे माणसांच्या हाडांनी भरलेला खड्डा उकरला गेला.

1975 साली युनमेंग भागात पाण्याचा चर खणताना त्या काळची थडगी लागली. एकात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले छिनचे कायदे निघाले. पाऊस किती रानावर पडला, कीड कुठे लागली, हे अंमलदाराने लेखी कळवायचे. सरकारी बैल औताला जुंपून रोडावला, तर घेर जितके तसू घटेल तितके दहा-दहा फटके. बैलावरची माया नव्हे ती; फौजेचे धान्य त्याच्या मानेवर होते.

दुसऱ्या एका थडग्यात लाकडी पाट्यांवरची दोन पत्रे मिळाली. इ.स.पूर्व 223 च्या सुमारास हैफू आणि जिंग या दोघा शिपायांनी रणावरून घरच्या भावाला ती लिहिली होती. आईची खुशाली विचारली आहे. मानाचा कागद घरी आला का, हेही विचारले आहे. पण मुख्य गोष्ट कपड्यांची. तिकडे कापड स्वस्त असेल, तर आईने उन्हाळी कपडे शिवून पाठवावेत. महाग असेल, तर नुसते पैसे धाडावेत, आम्ही इथे कापड घेऊ. एवढ्या बलाढ्य राज्याचा शिपाई, आणि अंगातला सदरा आईकडे मागतो! जिंगने आपल्या नव्या नवरीला म्हाताऱ्यांची नीट काळजी घ्यायला सांगितले आहे. त्याने दुसऱ्याचे पैसे घेऊन खर्च केले होते. घरून पैसे आले नाहीत तर मेलोच, असे लिहून त्याने पुढे तातडीचा शब्द 3 वेळा लिहिला आहे.