खेळ लांब असू दे, हजेरी नको

ईदला भाचा घरी आला होता. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. जेवणं झाल्यावर गप्पा गेमिंगवर आल्या आणि मी म्हणालो, की ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम आता माझ्यासारख्या माणसाला झेपत नाहीत. तो हसला. म्हणाला, "मामू, तुम्ही कॅज्युअल आहात. हे गेम तुमच्यासाठी नाहीतच. वेळ देता येत नसेल तर खेळू नये."

'कॅज्युअल' हा शब्द त्याने असा उच्चारला, की जणू दहावीला तीन विषय राहिलेत. पाहुणे असल्यामुळे त्या वेळी मी गप्प बसलो. आज बोलतो. हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. नोकरी, दुकान, मुलंबाळं, म्हातारे आईवडील हे सगळं सांभाळून ज्यांना आठवड्यात चार-पाच तास खेळावंसं वाटतं, अशा प्रत्येकाला कधी ना कधी हे वाक्य ऐकवलं जातं.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा बीजीएमआयसारखा अर्ध्या तासात आटोपणारा डाव नव्हे. हजारो लोक एकाच वेळी वावरतात असं एक भलंमोठं काल्पनिक जग असतं. त्यात तुम्ही एक पात्र घडवता, ते वर्षानुवर्षं वाढवता. तुम्ही झोपलात तरी ते जग चालूच राहतं. १९९७चा अल्टिमा ऑनलाइन, १९९९चा एव्हरक्वेस्ट, २००४चा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, २०१३ साली नव्याने उभा केलेला फायनल फँटसी फोर्टीन ही त्यातली मोठी नावं. आणि या जगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की इथे पॉजचं बटण नाही.

भाच्याचं म्हणणं वरवर रास्त वाटतं. मोठा खेळ आहे, मोठा वेळ लागणार. पण या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. खेळ लांब असणं ही एक गोष्ट आणि खेळाने रोजची हजेरी मागणं ही दुसरी. माझं भांडण दुसरीशी आहे.

लांब खेळाचं उदाहरण घ्या. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये एखादं कौशल्य नव्व्याण्णवाव्या पातळीला न्यायला १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागतात. गंमत म्हणजे ब्याण्णवाव्या पातळीला पोहोचलात तेव्हा कुठे निम्मा रस्ता संपलेला असतो. यापेक्षा लांब खेळ कोणता असणार? तरी तो सवडीच्या माणसाला चालतो. कारण तुम्ही सहा महिने गायब झालात तरी परत आल्यावर तुमची ब्याण्णव ही ब्याण्णवच असते. कुणी तिची एक्क्याण्णव करत नाही. तुम्ही तोडलेलं लाकूड तुमचंच राहतं. हा प्रवास दोन वर्षांत करा नाहीतर बारा वर्षांत, खेळाला त्याचं सोयरसुतक नाही.

गिल्ड वॉर्स टूचंही तसंच. २०१२ साली तो आला तेव्हा सर्वोच्च पातळी ८० होती, आजही ८०च आहे. दर दोन वर्षांनी छत वर सरकवून जुनी मेहनत भंगारात काढण्याचा धंदा त्यांनी केला नाही. दरमहा वर्गणीही नाही. महिनाभर दुकानाच्या हिशेबात अडकलात तरी काही बुडत नाही.

आता हजेरीची उदाहरणं पाहा. २००५ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने खेळाडूंच्या आपसातल्या लढायांसाठी मानाच्या हुद्द्यांची पद्धत आणली. एकूण चौदा हुद्दे. त्या आठवड्यात इतरांच्या तुलनेत तुम्ही किती मान कमावला यावर बढती. खेळणं थांबवलं की हुद्दा घसरू लागणार. परिणाम काय झाला? चौदाव्या हुद्द्यासाठी एकाच खात्यावर दोघे-तिघे पाळ्या लावून रात्रंदिवस खेळू लागले. एकट्याच्या शरीराला ते जमण्यातलं नव्हतं. २००६च्या अखेरीस ती पद्धत बंद झाली. पण ज्यांनी तो हुद्दा मिळवला ते 'कुशल' आणि ज्यांना जमलं नाही ते 'कॅज्युअल', हे तुम्हाला पटतं? पाळी बदलून गाडी चालवणाऱ्या तीन ड्रायव्हरांपेक्षा एकट्याने गाडी हाकणारा कमी तरबेज, असं कुणी म्हणेल का?

फायनल फँटसी फोर्टीनमध्ये खेळाडूला स्वतःचं घर घेता येतं. प्लॉट मोजके, मागणी प्रचंड. पण घराचा मालक ४५ दिवस त्या घरात फिरकला नाही तर घर पाडलं जातं. जागा अडकून राहू नये हे कारण मला समजतं. तरी विचार करा. बाळंतपण, लांबलेलं आजारपण, परदेशातली नवी नोकरी, घरातला मृत्यू, यांपैकी कोणती गोष्ट ४५ दिवसांत नीट मार्गी लागते? आणि हा तो खेळ आहे, ज्याचे दिग्दर्शक नाओकी योशिदा खेळाडूंना उघडपणे सांगत आले आहेत की वर्गणी थांबवा, दुसरे गेम खेळा, वाटेल तेव्हा परत या. त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे. पण त्यांच्याच खेळातला घर पाडणारा नियम वेगळं बोलतो.

आता भाच्याची बाजू. तो म्हणेल, "क्रिकेटच्या टीमलाही सरावाला यावं लागतंच ना?" बरोबर आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आठ-दहा किंवा पंचवीस जणांनी मिळून एखादा राक्षस पाडायचा, ज्याला 'रेड' म्हणतात, तर सगळ्यांनी वेळेवर यायलाच हवं. जो येतो म्हणून सांगतो आणि येत नाही, तो इतरांची रात्र फुकट घालवतो. ती बांधिलकी मला मान्य आहे. पण ती माणसांनी माणसांशी केलेली बोली असते. कप्तानाला सांगता येतं, की अम्मीला बरं नाही, या रविवारी मला जमणार नाही. आणि पुढच्या रविवारी तुम्ही मैदानात गेलात तर तुमची बॅट चार बोटं आखूड झालेली नसते. रोजची कामं, ठरावीक मुदतीत संपणारी बक्षिसं, खेळणं थांबताच घसरणारे हुद्दे, ही बोली कुणाशीही झालेली नाही. ते एक घड्याळ आहे आणि घड्याळाला कारण सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप मेहनतीचा. "आम्ही हजार तास घातले, तुम्हाला चाळीस तासांत तेच मिळालं तर आमच्या मेहनतीला काय किंमत?" याला उत्तर सोपं आहे. मान कठीणपणाला द्या, तासांना नको. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने सुरुवातीला मोठ्या मोहिमांना चाळीस माणसं लावली. २००७ साली ती पंचवीस आणि दहावर आणली. २०११च्या अखेरीस तर अनोळखी लोकांची टोळी आपोआप जमवून देणारी सोपी रेड आणली. तेव्हा 'खेळ बुडाला' म्हणून केवढी ओरड झाली. पण कठीण रेड कुणी काढून घेतली नव्हती. ती जशीच्या तशी होती, ज्याच्यात हिंमत त्याने करावी. फरक इतकाच पडला, की माझ्यासारख्यालाही गोष्टीचा शेवट डोळ्यांनी बघता आला. मॅरेथॉन पळणाऱ्याचं पदक, बागेत फिरायला आलेल्या म्हाताऱ्यामुळे फिकं पडत नाही.

आणि या तासांची खरी किंमत बघायची असेल तर कंपन्यांच्या दुकानात डोकवा. २०१४ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये थेट नव्वदाव्या पातळीचं पात्र ६० डॉलरला विकायला ठेवलं गेलं. फायनल फँटसीतही पातळ्या आणि कथा ओलांडून पुढे नेणाऱ्या वस्तू विकत मिळतात. म्हणजे ज्या तासांच्या जोरावर आम्हाला कॅज्युअल म्हणून हिणवायचं, तेच तास कंपनी काउंटरवर विकते. रस्ता खरोखर देखणा असेल तर तो टाळायला कोण पैसे मोजेल? आणि पैसे मोजून टाळण्याजोगा असेल, तर तो प्रवास होता की टोलनाका?

माझा अनुभव सांगतो, कारण राग तिथूनच आलेला आहे. तेव्हा मी युरोपातल्या सर्व्हरवर एका गिल्डमध्ये होतो. गेमचं नाव महत्त्वाचं नाही. त्यांची रेड रात्री आठला सुरू व्हायची. हिवाळ्यात मध्य युरोपातले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे साडेबारा. संपता संपता साडेतीन. सकाळी नऊला इलेक्ट्रिकलचं दुकान उघडायचं. आठवड्यातून दोन रात्री मी हे पाच महिने केलं. शिवाय रोजची कामं होतीच, ती चुकवली की रेडमध्ये मागे पडणार.

एका रात्री दोनच्या सुमारास अम्मीने आतल्या खोलीतून हाक मारली. मी हेडफोनचा एक कान काढून म्हणालो, "एक मिनिट." शेवटचा राक्षस समोर होता, नऊ माणसं माझ्यावर अवलंबून होती, आणि पॉज नव्हता. ते मिनिट वीस मिनिटांचं झालं. आत गेलो तेव्हा अम्मी अंधारात पलंगाच्या कडेला बसली होती. गोळीसाठी पाणी हवं होतं. मला बोलवायचं सोडून ती भिंत धरत धरत स्वयंपाकघरात जाऊन आली होती. काही बोलली नाही. "झालं तुझं काम?" एवढंच विचारलं. तिला वाटलं होतं मी दुकानाचे हिशेब करतोय.

दोष माझाच, तो मी कुणावर ढकलत नाही. हेडफोन मीच लावला होता. पण त्यानंतर तीन आठवडे मी रात्रीचं खेळणं बंद केलं आणि परत गेलो तेव्हा मला कळलं, की माझी जागा दुसऱ्याला दिली आहे, माझी शस्त्रं जुनी झाली आहेत आणि बरोबरीला यायला आणखी दीड महिना रोज खेळावं लागेल. गिल्डमधली माणसं वाईट नव्हती. त्यांनाही त्याच घड्याळाने बांधलं होतं.

यावर सरकारने कुलूप लावावं असं मी म्हणत नाही. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले होते. दहा वर्षांनी तो कायदा मागे घ्यावा लागला. उपाय खेळ बनवणाऱ्यांच्याच हातात आहे आणि तो त्यांना ठाऊकही आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात जास्त वेळ सलग खेळणाऱ्याला अनुभवगुण निम्मे मिळायचे. खेळाडू चिडले. मग कंपनीने हिशेब उलटा मांडला. निम्म्या दराला 'नेहमीचा' म्हटलं आणि वरच्या दराला 'विश्रांतीचा दुप्पट फायदा'. तुमचं पात्र सराईत आठ तास झोपलं की पातळीच्या ५ टक्क्यांएवढा प्रवास दुप्पट वेगाने होणार, आणि ही शिल्लक दीड पातळीपर्यंत साठणार. म्हणजे दहा दिवस आला नाहीत तर दहा दिवसांची शिल्लक तुमच्या नावावर. गैरहजेरीचा दंड करण्याऐवजी तिचं बक्षीस देता येतं, हे २००४ सालीच सिद्ध झालेलं आहे. तरीही पुढच्या वीस वर्षांत किती गेमनी दंडाचाच रस्ता धरला ते बघा.

म्हणून माझ्यासारख्या वाचकांना सांगणं आहे, की 'हा गेम मला झेपेल का' असं विचारू नका. तो प्रश्न तुम्हाला आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. तीन वेगळे प्रश्न विचारा. महिनाभर आलो नाही तर माझं काय जाईल? अर्ध्या तासात इथे एखादी गोष्ट पुरी होते का? आणि मध्येच उठावं लागलं तर त्याची शिक्षा मला होईल की माझ्यासोबतच्या लोकांना? उत्तरं वाईट असतील तर तो गेम सवडीच्या माणसासाठी नाही, हे भाच्याचं म्हणणं मला मान्य आहे. पण मग ते गेमचं उणं आहे, आपलं नव्हे. पन्नास माणसांच्या जेवणाला एकच ताट मांडणाऱ्या यजमानाने पाहुण्यांच्या भुकेला नावं ठेवू नयेत.

मी हल्ली आठवड्यात तीन संध्याकाळी खेळतो, तासभर. एकट्याने, हेडफोनशिवाय. परवा मोठ्या मेहनतीने एका गुहेच्या टोकाला पोहोचलो होतो आणि आतून हाक आली. उठलो, पाणी दिलं, पाय चेपून दिले. परत येऊन बघतो तर माझं पात्र मरून पडलं होतं. पुन्हा गुहेच्या तोंडापासून सुरुवात केली.