न्हाणीघराचा ढाळ

घरी आलेल्या पाहुण्याला बैठक दाखवतात, नवे स्वयंपाकघर दाखवतात. न्हाणीघर कोणी दाखवत नाही. म्हणूनच घरात पैसा आला तरी त्याची पाळी सर्वांत शेवटी येते. पेठांमधील जुन्या घरांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या फरश्या पिवळ्या पडतात, नळाखाली गंजाचा ओघळ उमटतो, कोपऱ्यात पाणी साचून राहते. आणि घरची माणसे त्या कोपऱ्याला वळसा घालून स्नान उरकण्यास शिकतात.

अशाच एका घराची ही हकिगत. खाली धान्य-साखरेचे दुकान व वखार, वर राहते घर. न्हाणीघर अवघे ५ फूट लांब व ४ फूट रुंद. त्याच्या बरोबर खाली वखारीचे छत. एका पावसाळ्यात त्या छताला ओल आली आणि साखरेची दोन पोती खालून पाझरली. त्याच सुमारास घरातील वृद्ध माता निसरड्या फरशीवर घसरली. मनगट मुरगळण्यावर निभावले. परंतु घराला खरा धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीने. मोरीतून झुरळे वर येऊ लागली होती. कंटाळून सुनेने एके रात्री विषारी औषध फवारले. सकाळी फरशीवर पडलेला तो सडा सासूने पाहिला. संवत्सरीच्या क्षमापनेला अजून आठवडाही झाला नव्हता. त्या सुनेला काही बोलल्या नाहीत. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी त्या दिवशी उपवास केला. संध्याकाळी मुलाला एवढेच म्हणाल्या, “अरे, सर्व जीवांची क्षमा मागितली, ती या मोरीपाशी येऊन संपली का?”

मुलाजवळ उत्तर नव्हते. सूनही चुकली असे म्हणवत नव्हते. लहान मुलांच्या घरात झुरळे फिरू देणे तिला शक्य नव्हते. एका बाजूला अस्वच्छता व दुसऱ्या बाजूला हिंसा, अशी कोंडी झाली की श्रावकाने थोडे मागे जाऊन पाहावे. ही कोंडी बहुधा पूर्वीच्या एखाद्या प्रमादातून निर्माण झालेली असते.

साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी शेवटची उत्सर्ग समिती ही मलमूत्र व सांडपाणी कोठे व कसे टाकावे याविषयी आहे. जागा कोरडी व जीवरहित पाहून यतनेने विसर्जन करावे, हे तिचे सार. गृहस्थाला ते व्रत साधूप्रमाणे पाळता येत नाही. तरी त्यातील दृष्टी त्याने घ्यावी. जेथे ओल टिकते तेथे जीवोत्पत्ती होते. जी जमीन स्नानानंतर लवकर कोरडी होते, तेथे मारण्याची वेळच सहसा येत नाही. न्हाणीघराची दुरुस्ती ही त्या अर्थाने यतनेचीच बाब आहे.

खोदकाम चातुर्मासात नको, असे घरात ठरले. दिवाळीचे हिशेब झाले, कार्तिकी पौर्णिमा उलटली आणि दुकानदाराने महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला हाताशी घेऊन काम आरंभिले. दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी मोठे काम, एरवी सकाळचा एखादा तास. घरच्यांची स्नानाची सोय तोवर तळमजल्यावरच्या मागच्या मोरीत झाली.

प्रथम रोग ओळखला. मोरीच्या जाळीखाली एक उपडी वाटी असते. तिच्या कडा पाण्यात बुडालेल्या असतात आणि त्या पाण्याच्या अडसरामुळे गटाराचा वास व कीटक वर येत नाहीत. केस अडकून पाणी तुंबते म्हणून ही वाटी कोणीतरी कधीच काढून टाकली होती. झुरळांना दार उघडे मिळाले ते तेथे. दुसरा रोग ढाळाचा. बादलीभर पाणी ओतून पाहिले तेव्हा ते मोरीकडे न जाता दाराकडे आले. तिसरा रोग फरश्यांच्या सांध्यांचा. डाग घालवण्यासाठी वर्षानुवर्षे आम्ल ओतले गेले होते. आम्ल सिमेंट खाते; सांधे पोकळ झाले आणि पाणी त्यांतून वखारीच्या छतापर्यंत पोहोचले. (आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि कोंडलेल्या न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.)

मग हिशेब. जमीन ५ गुणिले ४, म्हणजे २० चौरस फूट. चारही भिंतींचा घेर १८ फूट. ७ फूट उंचीपर्यंत फरशी लावायची तर १२६ चौरस फूट. त्यातून अडीच फूट रुंदीच्या दाराचे साडेसतरा वजा केले की १०८.५ उरतात. जमिनीसह एकूण १२८.५, आणि कापण्या-फुटण्यासाठी दहा टक्के धरून सुमारे १४२ चौरस फूट. जमिनीसाठी खरखरीत पृष्ठभागाची, एक फूट चौरस फरशी निवडली. मोठ्या फरशीला छोट्या जागेत चारी बाजूंनी ढाळ देता येत नाही आणि गुळगुळीत फरशी वृद्धांचा घात करते. गरजेइतकेच सामान आणले. परिग्रह-परिमाणाची सवय असलेल्या घराला हे वेगळे सांगावे लागले नाही.

फोडण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात प्रत्येक कोपरा पाहिला. कोळी, मुंग्या, चांदीकिडे मऊ पुंजणीने हलकेच सुपलीत घेऊन आडोशाला सोडले. बेसिनच्या मागे मुंग्यांची रांग होती. ती आपोआप हटेपर्यंत ती बाजू दोन दिवस तशीच ठेवली. त्यानंतर चष्मा, हातमोजे व धूळरोधक मुखपट्टी लावून छिन्नी-हातोड्याने फरशी उचलली. जुन्या सिमेंटची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून थोडेथोडे पाणी शिंपडत काम केले. मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घट्ट बसवला, नाहीतर राडारोडा नळीत जाऊन नवेच संकट उभे राहते. राडारोडा गोण्यांत भरून नगरपालिकेने नेमलेल्या जागी पोहोचवला. रात्री ओढ्याकाठी ओतला नाही.

भिंतीतील लोखंडी नळ आतून गंजून निम्मे बुजले होते. गरम पाणी सोसणारे सीपीव्हीसीचे नळ घालण्यासाठी नळकारागिरास बोलावले. भिंतीत गाडल्या जाणाऱ्या सांध्याची चूक फार महाग पडते. गिलावा करण्यापूर्वी नळांत दाबाने पाणी भरून एकही सांधा पाझरत नाही याची खात्री केली. मोरीत ५० मिलिमीटर पाणी कायम राहील असा खोल नहाणी ट्रॅप बसवला. जाळी उचलून केस काढता येतात आणि पाण्याचा अडसर मात्र शाबूत राहतो.

यानंतरचे काम बापलेकांनी स्वतः केले, आणि साऱ्या दुरुस्तीचा जीव त्यातच होता. जमिनीवर सिमेंट-वाळूचा थर देऊन त्याला मोरीकडे ढाळ दिला. प्रत्येक मीटरला १० ते १५ मिलिमीटर उतार पुरतो. पाच फुटांच्या लांबीत तो १५ ते २३ मिलिमीटर भरतो. डोळ्याला तो जाणवतही नाही, परंतु पाण्याला बरोबर कळतो. पाणी कालवताना आजींनी गाळलेलेच पाणी दिले. मुलाने हसून विचारले, “आजी, सिमेंटला कशाला गाळलेले पाणी?” त्या म्हणाल्या, “सिमेंटला नाही रे बाळा, पाण्यातल्यांसाठी.”

थर आठवडाभर ओला ठेवून पक्का झाल्यावर त्यावर जलरोधक लेप दिला. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, म्हणजे पहिल्यात राहिलेली बारीक छिद्रे दुसऱ्यात बुजतात. जमीन व भिंत मिळते तो कोपरा सर्वांत नाजूक. तेथे जाळीची पट्टी दाबून लेप भिंतीवर एक फूट चढवला आणि स्नानाच्या बाजूला सहा फुटांपर्यंत नेला. लेपासाठी कुंचला नायलॉनचा घेतला. नैसर्गिक केसांचे कुंचले पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात, हे खरेदीच्या वेळी विचारणे आपल्या घरांत अगत्याचे आहे.

लेप डब्यावर लिहिलेल्या मुदतीप्रमाणे पक्का झाल्यावर परीक्षा आली. मोरी बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी भरले. उघड्या पाण्यात कीटक पडू नयेत म्हणून खिडकीला बारीक जाळी लावली व दार बंद ठेवले. चोवीस तासांनी दुकानदार विजेरी घेऊन वखारीत उतरला. मुलगा वर पाण्याच्या पातळीची खूण पाहत होता. छत कोरडे होते. आणखी एक दिवस थांबून पुन्हा पाहिले, तेव्हाही कोरडेच. ते पाणी वाया न घालवता बादल्यांनी उपसून जिना व अंगण धुण्यास वापरले. विनाकारण पाणी सांडणे हा अनर्थदंड आहे, हे ज्या घराला ठाऊक आहे त्या घराने परीक्षेचे पाणीही हिशेबात धरावे.

फरश्या लावणे त्या मानाने सोपे गेले. दातेरी थापीने चिकट मसाला पसरून, ढाळ पुन्हा पुन्हा तपासत एकेक फरशी बसवली. दुसऱ्या दिवशी सांधे इपॉक्सीने भरले. ते पाणी शोषत नाही, म्हणून पुढे आम्लाची गरज पडत नाही. साधा साबण पुरतो. पहिल्या भिंतीवर एक ओळ तिरकी गेली, ती तशीच राहिली आहे.

विजेच्या कामाला मात्र घरच्यांनी हात लावला नाही. गीझरची जोडणी, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारे यंत्र परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून बसवून घेतले. ओल्या जागेत विजेशी धाडस म्हणजे स्वावलंबन नव्हे. दाराच्या बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असे केले. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगामुळे अडते. भिंतीत पक्क्या खिळणीने सुमारे पंचाहत्तर ते नव्वद सेंटिमीटर उंचीवर धरण्याची दांडी लावली. बादली-तांब्याची पद्धत तशीच ठेवली, कारण बादलीत पाण्याची मर्यादा आपोआप सांभाळली जाते.

कामाला सारे धरून सहा आठवडे लागले. गवंड्याने ते दहा-बारा दिवसांत केले असते, हे खरे. परंतु ढाळ कोणत्या बाजूला आहे, लेप कोठवर चढला आहे, नळ भिंतीतून कसा गेला आहे, हे आता घरातल्या दोन माणसांना ठाऊक आहे. स्नान झाले की जो तो रबरी वायपरने पाणी मोरीकडे ओढतो व खिडकी उघडून बाहेर येतो. अर्ध्या तासात जमीन कोरडी होते. बाहेरगावी जाऊन आल्यावर मोरीत तांब्याभर पाणी ओतण्याचे काम सुनेने आपल्याकडे घेतले आहे. अडसराचे पाणी वाळले तर दार पुन्हा उघडे पडते, हे तिने एकदाच ऐकले.

औषधाची ती अर्धी उरलेली बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर बरेच दिवस होती. पुढच्या संवत्सरीच्या आदल्या दिवशी सुनेनेच ती काढून सासूबाईंसमोर ठेवली. “आई, वर्षभर हिची गरज पडली नाही. ही आता दुकानदाराला परत करते.” सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या वर्षी तिच्याशी बोलल्या नाहीत याबद्दल तिचीच क्षमा मागितली.